मूल्यांचा सातबारा कोणाच्या नावावर?

ऑगस्ट १६७३मध्ये दमणला शार्ल देलों नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरला इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, हुकमावरून अटक झाली. माणूस कॅथलिकच, पण तोंडाचा सैल. बाप्तिस्मा, मूर्तींना मान देण्याची पद्धत, खुद्द इन्क्विझिशन अशा नाजूक विषयांवर तो चारचौघांत नको ते बोलून बसला होता. शिवाय एका बाईवरून दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी खार होता, असं तो स्वतःच लिहितो. दमणहून त्याला जहाजानं वसईला आणलं. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी. तिथल्या तुरुंगात काही काळ ठेवून जानेवारी १६७४मध्ये त्याची गोव्याला रवानगी झाली. तिथं दोन वर्षं कोठडी, आणि मग १६७६च्या जानेवारीत जाहीर समारंभात पाच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा. पुढे सुटका झाल्यावर त्यानं १६८७मध्ये या सगळ्याचं पुस्तक छापलं. रोमनं ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं, आणि अशा पुस्तकांचं जे होतं तेच झालं. युरोपातल्या अनेक भाषांत ते गेलं आणि व्हॉल्तेरच्या पिढीला धर्मसत्तेविरुद्ध आयता दारूगोळा मिळाला.

धर्मस्वातंत्र्य, माणसाच्या शरीराची अप्रतिष्ठा न होण्याचा हक्क, न्यायासनापुढे आरोप समजून घेण्याचा हक्क यांना आपण सरसकट पाश्चात्त्य मूल्यं म्हणतो. त्यांचा एक बारीक धागा वसईच्या तुरुंगातून गेला आहे. आता हा धागा ख्रिस्ती म्हणायचा की ख्रिस्तीविरोधी? देलोंला कोंडणारे पाद्री होते आणि त्याची तक्रारही एका श्रद्धावंताचीच होती. ख्रिस्ताच्या नावानं चाललेला हा छळ ख्रिस्ताच्या दयेशी कसा जुळतो, हा त्याच्या कहाणीतून उभा राहणारा प्रश्न आहे. त्याच्या पुस्तकाचा वापर मात्र ज्यांनी केला त्यांच्यातल्या अनेकांना चर्चच नको होतं.

पाश्चात्त्य नीतिमूल्यांची मुळं धर्मपरंपरेतच आहेत का, आणि तीही एकाच धर्मपरंपरेत, हा वाद युरोपात जुना आहे. गंमत अशी की ‘होय, ती ख्रिस्तीच आहेत’ असं सर्वांत ठासून सांगणारा माणूस ख्रिस्ती धर्माचा कट्टर वैरी होता. नित्शेनं १८८७मध्ये मांडलं की दुबळ्यांविषयीची कणव, समता, नम्रता हे सगळं ख्रिस्ती धर्मानं आणलेलं ‘गुलामांचं नीतिशास्त्र’ आहे. ज्यांनी देव सोडला आणि ही नीती तेवढी ठेवली ते स्वतःची फसवणूक करतात. अलीकडे, २०१९मध्ये, इंग्रज इतिहासकार टॉम हॉलंड यांनी ‘डोमिनियन’ या जाडजूड ग्रंथात जवळपास हीच गोष्ट कौतुकानं सांगितली. त्यांचं म्हणणं असं की क्रुसावर टांगलेला गुन्हेगार हाच देव, ही कल्पना रोमन जगाला उलटंपालटं करणारी होती, आणि मानवी हक्कांपासून आजच्या चळवळींपर्यंत सगळं तिच्याच पोटातून आलं.

ही बाजू पोकळ नाही. चौथ्या शतकात नीसाचा ग्रेगरी नावाच्या बिशपनं प्रवचनात थेट विचारलं होतं की जो माणूस देवाच्या प्रतिमेनुसार घडला त्याची किंमत कोण ठरवणार आणि पैसे कोण मोजणार. गुलामी हीच मुळात चूक, असं इतकं स्पष्ट बोलणारा माणूस प्राचीन जगात सापडणं अवघड. ग्रेगरीचा हा युक्तिवाद बायबलमधूनच आला होता.

पण मग पुढची हजार वर्षं काय झालं? १४५२मध्ये पाचव्या निकोलस पोपनी पोर्तुगालच्या राजाला लेखी मुभा दिली की ख्रिस्ती नसलेल्यांना जिंकावं आणि कायमचं दास करावं. १५३७मध्ये तिसऱ्या पॉल पोपनी उलटा हुकूम काढला, की अमेरिकेतले मूळ रहिवासी ख्रिस्ती नसले तरी त्यांना गुलाम करता येणार नाही. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली ती या दोन हुकमांच्या मध्ये, १५३४च्या डिसेंबरात. प्रत्यक्षात आशियातल्या पोर्तुगीज मुलखात पहिलाच हुकूम चालला. वसईत श्रीमंतांच्या घरी गुलाम राबत. आणि त्याच शहरात ‘मिझेरिकॉर्दिया’ ही दयाकृत्यांची संस्थाही होती, जी अनाथ मुलींच्या लग्नाचा खर्च करी, बेवारशांना मूठमाती देई, कैद्यांची विचारपूस करी. दोन्ही कामं करणारे लोक रविवारी एकाच मिस्साला गुडघे टेकत. त्यांना त्यात विसंगती वाटत नसावी. आपल्याला वाटते, आणि इथंच मला हॉलंड यांची मांडणी अपुरी वाटायला लागते. बीज ख्रिस्ती असेल, पण ते दीड हजार वर्षं पडून राहिलं आणि मग अचानक उगवलं, तर उगवण्याचं कारण बीजाबाहेर शोधायला हवं.

ते कारण शोधताना नावं मिळतात तीही सरमिसळ. अमेरिकेत १६८८मध्ये जर्मनटाउनच्या क्वेकर मंडळींनी गुलामीविरुद्ध निवेदन लिहिलं. हे सगळे धार्मिक लोक. १८०७मध्ये ब्रिटननं गुलामांचा व्यापार बंद केला, त्यामागे विल्बरफोर्ससारखे भाविक. पण त्याआधी, १७९१मध्ये, आजच्या हैतीत गुलामांनी स्वतःच बंड केलं, आणि १७९४मध्ये पॅरिसच्या क्रांतिकारी सभेनं फ्रेंच वसाहतींतली गुलामी रद्द केली. ही सभा त्याच सुमारास चर्चची मालमत्ता आणि अधिकार मोडून काढत होती. नेपोलियननं पोपशी समेट केला आणि १८०२मध्ये गुलामी परतही आणली. तेव्हा धर्म इकडे आणि नीती तिकडे, किंवा दोन्ही एकाच बाजूला, असा सोपा हिशेब जमत नाही.

आता वसईच्या किल्ल्यापासून उत्तरेला नालासोपाऱ्याकडे यायला हरकत नाही. गर्दीच्या लोकलमधून उतरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं की हे प्राचीन शूर्पारक. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला ‘बुरूड राजाचा कोट’ उकरला आणि आत स्तूप निघाला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक ठेवलेले आणखी करंडक, शेवटचा सोन्याचा, भोवती बुद्धमूर्ती. त्याच वर्षी भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नंतर १९५६मध्ये समुद्राजवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तुकडेच आहेत, पण तोच मजकूर गिरनारला आणि इतरत्र पूर्ण कोरलेला असल्यामुळे गाळलेली जागा भरता येते.

हा नववा लेख निवांत वाचण्यासारखा आहे. राजा म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मुलाच्या जन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. बायका तर फारच, आणि त्यातले बरेच क्षुल्लक आणि निरर्थक. करायचे तर करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल वेगळंच आहे: दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, जिवांविषयी संयम, श्रमण आणि ब्राह्मण या दोघांनाही दान. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एक सम्राट बंदराच्या रहदारीच्या जागी हे कोरून ठेवतो की कर्मकांड बाजूला, वागणं बघा. बायकांवरचा शेरा सोडला तर एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही सुधारकाला हे आपलं वाटलं असतं.

पण लेखात काय नाही तेही बघायला हवं. दासांना नीट वागवा, असं अशोक म्हणतो. सोडून द्या, असं म्हणत नाही. रोममध्ये सेनेकानं एका पत्रात जवळपास हेच लिहिलं, की गुलामही माणसंच आहेत, त्यांच्याबरोबर जेवा. त्याचाच समकालीन संत पॉल पळून आलेल्या ओनेसिमस नावाच्या गुलामाला मालकाकडे परत पाठवतो आणि चिठ्ठीत लिहितो की याला भाऊ समजून घे. एक बौद्ध सम्राट, एक ग्रीक तत्त्वज्ञानावर वाढलेला रोमन दरबारी, एक यहुदी वंशाचा ख्रिस्ती प्रचारक. तिघंही एकाच पायरीपर्यंत येऊन थांबतात. तिथवर पोचायला कोणता विशिष्ट धर्म लागला नाही, आणि पुढे जायला कोणताही धर्म एकटा पुरला नाही.

शूर्पारकाची दुसरी गोष्ट तर थेट ‘दुसरा गाल पुढे कर’च्या शेजारी ठेवावी अशी. पाली ग्रंथांत पुण्ण नावाचा भिक्षू येतो. त्याला बौद्ध परंपरा या बंदराशी जोडते, आणि ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात तो शूर्पारकाचा व्यापारी पूर्ण म्हणून भेटतो. तो सुनापरांत प्रदेशात जायला निघतो तेव्हा बुद्ध त्याला विचारतात की तिथले लोक तापट, त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणतो, मी समजेन की माणसं भली, निदान हात तरी उचलत नाहीत. हात उचलला तर? भली, ढेकळं मारत नाहीत. ढेकळं मारली तर? काठी नाही घेतली. असं करत प्रश्न शस्त्रापर्यंत आणि शेवटी मरणापर्यंत जातो, तरी पुण्ण डळमळत नाही. मग बुद्ध म्हणतात, जा, तू तिथं राहू शकशील. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात शत्रूवर प्रेम करण्यावर भर आहे, तर पुण्णाच्या उत्तरांत स्वतःचं मन ताब्यात ठेवण्यावर. फरक खरा आहे. पण अपमानाला अपमानानं उत्तर न देण्याची शिकवण ख्रिस्ती परंपरेचं खास वैशिष्ट्य आहे, असं म्हणायला ही गोष्ट फारशी जागा ठेवत नाही.

आणि या परंपरा वेगवेगळ्या हौदांत भरून ठेवलेल्या नव्हत्याच. वसईच्या खाडीपलीकडे साष्टीत कान्हेरीची लेणी आहेत. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो तिथल्या दंतकथा ऐकत होता. राजानं मुलाला दुःख दिसू नये म्हणून बंद वाड्यात वाढवलं आणि तरी मुलगा सारं सोडून निघाला, ही कहाणी त्याच्या कानावर आली तेव्हा तो चमकला, कारण ही तर त्याच्या ओळखीच्या संत जोसाफतची गोष्ट! जोसाफत हा मध्ययुगीन युरोपचा लाडका संत. सोळाव्या शतकात रोमच्या संतांच्या अधिकृत यादीतही त्याचा दिवस नेमलेला होता. कोउतोला वाटलं की इथल्या लोकांनी जोसाफतचाच बुद्ध केला असावा. झालं होतं उलटं. बुद्धाची कथा इराण, अरबस्तान, जॉर्जिया, ग्रीस असा प्रवास करत, वाटेत वेश बदलत, कॅथलिक संतचरित्र होऊन बसली होती. वैराग्याची आणि करुणेची ही ‘ख्रिस्ती’ गोष्ट युरोपातल्या कितीतरी पिढ्यांनी मुलांना सांगितली.

धर्मसहिष्णुतेचंही असंच. मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या तहात एक कलम असं होतं की मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्मानुसार उपासना करण्याची मोकळीक असावी. मागणी पोर्तुगीजांची, मान्यता मराठ्यांची. दोन वर्षं चाललेल्या रक्तबंबाळ मोहिमेनंतर, आणि ती मोहीम पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचाविरुद्धच्या तक्रारींवर उभी असताना, हे कलम लिहिलं गेलं. त्याच काळात इंग्लंडमध्ये कॅथलिकांना पार्लमेंटात बसायला बंदी होती, ती उठली १८२९मध्ये. कोणी पुण्याला जॉन लॉकचं सहिष्णुतेवरचं पुस्तक पाठवलं नव्हतं. मिश्र वस्तीवर राज्य करायचं तर रयतेच्या देवाला हात लावू नये, हा व्यवहार होता. युरोपातही सहिष्णुता बऱ्याच अंशी अशाच व्यवहारातून, धर्मयुद्धांत दमल्यावर आली. तत्त्वज्ञान मागून आलं आणि त्याला चांगले कपडे घालून गेलं.

महाराष्ट्रात ‘पाश्चात्त्य मूल्यं’ या नावानं जे आलं ते दोन दारांनी आलं, आणि दोन्ही दारांशी जोतीराव फुले उभे दिसतात. शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत, १८४१ ते १८४७. मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या शाळेतून. पण १८४७च्या सुमारास डोक्यात घर केलं ते थॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’नं, आणि हा पेन म्हणजे पुढे ‘एज ऑफ रीझन’ लिहून बायबलच्याच चिंधड्या करणारा गृहस्थ. मिशनऱ्यांना तो विषासारखा. फुल्यांनी दोन्हीकडून घेतलं आणि बाप्तिस्मा कोणाकडूनच घेतला नाही. ‘गुलामगिरी’ त्यांनी १८७३मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यांच्या निधनानंतर १८९१मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक घर कल्पिलं आहे, ज्यात आई एका धर्माची, बाप दुसऱ्या, मुलगी तिसऱ्या, मुलगा चौथ्या, आणि सगळे गुण्यागोविंदानं राहतात. निर्मिक, म्हणजे सृष्टिकर्ता, आहे, पण पुरोहित नाही. आगरकर तर याहून पुढे गेले. त्यांना निर्मिकाचीही गरज वाटली नाही.

डॉ. आंबेडकरांनी या वादात घेतलेली भूमिका मला सर्वांत रोचक वाटते. कोलंबियात शिकलेला, जॉन ड्यूईला गुरू मानणारा हा माणूस. ३ ऑक्टोबर १९५४च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितलं की आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे. पण ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलं असं कोणी समजू नये, त्याची मुळं राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत, बुद्धाच्या शिकवणीत आहेत. इतिहासाचा काटेकोर अभ्यासक इथं भुवया उंचावेल, कारण ही त्रयी घोषणा म्हणून फ्रान्समधूनच जगभर गेली. पण आंबेडकर काही शब्दांचा जन्मदाखला शोधत नव्हते. मूल्यांचा सातबारा पॅरिसच्या नावावर आहे, हे त्यांनी अमान्य केलं आणि जुना फेरफार काढून दाखवला. नुसत्या कायद्यानं बंधुता येत नाही, तिला श्रद्धेचा आधार लागतो, हे त्यांचं मत होतं. म्हणजे एका अर्थानं ते मूल्यांना धर्म लागतो म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. फक्त तो धर्म ख्रिस्तीच असावा लागतो, असं त्यांना वाटत नव्हतं. ख्रिस्ती धर्माचाही त्यांनी बारकाईनं विचार केला होता, आणि भारतातल्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्यातली जात मोडली नाही, ही त्यांची ठाम तक्रार होती.

ही तक्रार वसईत तपासून बघता येते. इथला ख्रिस्ती समाज साडेचारशे वर्षांहून जुना. पण ‘ख्रिस्ती’ म्हणून एकच एक ओळख इथल्या माणसाला पुरत नाही. तो सामवेदी म्हणजे कुपारी असतो, वाडवळ असतो, कोळी असतो. कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण हिंदू यांची कादोडी बोली एकच, भाजीच्या वाड्या शेजारी शेजारी. पिढ्यानुपिढ्या लग्नं मात्र आपापल्या जमातीतच झाली. वेदीवर सगळे एकच भाकर घेणार आणि सोयरीक ठरवताना घर बघणार. आता शिक्षण, नोकऱ्या आणि मुंबईची लोकल यांनी हे सैल केलं आहे. पाद्रींच्या उपदेशानं किती, हे वसईकरांनीच सांगावं. कॅथलिक विवाहविधीत वधू आणि वर दोघांनाही खुल्या संमतीचा प्रश्न विचारला जातो, ही मोठी गोष्ट आहे खरी. पण संमती कोणाला द्यायची याची यादी आधीच घरच्यांनी आखलेली असे.

त्याच वसईतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षं संपादक, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४मध्ये ते गेले. वसईचं पाणी आणि हिरवा पट्टा वाचवायला उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीचं नेतृत्व त्यांनी केलं. त्या चळवळीत वाडीवाले ख्रिस्ती होते तसेच हिंदूही. फादरांच्या लिहिण्याबोलण्यात येशू, तुकाराम आणि गांधी एकाच ओळीत बसत. तुकाराम त्यांना बायबलमुळे कळले की बायबल तुकारामांमुळे, हे वेगळं काढायचं म्हटलं तर त्यांचं अर्धं लेखन फाडावं लागेल.

‘धर्म बदलला की नीती बदलते’ हे गृहीतक आपल्याकडे सर्वांत निष्ठेनं कोणी मानलं असेल तर ते सरकारनं. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६मध्ये शिखांना, १९९०मध्ये बौद्धांना जोडून घेतलं. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलिताला तो आजही मिळत नाही, कारण त्या धर्मांत जात नाही असं कागदोपत्री मानलेलं आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याबद्दल आयोग नेमला. त्याच्याकडे सोपवलेल्या कामांत एक काम असं होतं की धर्मांतरानंतर माणसाच्या चालीरीती, परंपरा आणि त्याच्या वाट्याला येणारा भेदभाव यांत प्रत्यक्षात काय बदल होतो, ते तपासावं.